हाय की नाय

माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ मी चार वर्षे लपवून ठेवली होती.

एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर आम्ही कुंभिवलीच्या कार्यालयातून सांभाळतो. डिस्कवर लिहिताना बिघाड झाला, तर माझ्या फंक्शनने, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या तुकड्याने, तो वरच्या फंक्शनला कळवायचा होता. पद्धत किचकट होती: बिघाड एका डबीत घ्यायचा, डबी तपासायची, मग ती वर द्यायची. मुदत संपत आली, तेव्हा मी डबी तिथेच रिकामी केली आणि वर ‘सर्व ठीक’ कळवले. नंतर दुरुस्त करीन, असे स्वतःला सांगितले; केले नाही.

पुढे मोहोपाड्याहून येणारी एक सहकारी ही गुंतागुंत काढायला निघाली. भातशेती करणाऱ्या घरातली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. बैठकीत म्हणाली, “प्रत्येक फंक्शननं वर एवढंच सांगावं, काम झालं हाय की नाय. डब्या उघडत बसायला नको.”

तिच्या पद्धतीत माझी ओळ उघडी पडणार होती. मी घाबरलो आणि तिच्या भाषेवर घसरलो. “हाय-नाय शेताच्या बांधावर शोभतं,” मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो. सगळे हसले.

“बांधावर खोटं बोललं तर पाणी कुठं गेलं ते लगेच दिसतं, सर,” ती म्हणाली. “इथं दिसत नाय, एवढाच फरक.”

त्यानंतर कित्येक महिने, माझ्याकडे तपासायला आलेला तिचा एकेक बदल मी क्षुल्लक खुसपटे काढून परत पाठवला. ती माझ्यासमोर जेवायला बसेनाशी झाली. मला ते सोयीचेच वाटले.

मग एका ग्राहकाचा आभासी संगणक दुसऱ्या यंत्रावर हलवताना डिस्क बिघडली. सॉफ्टवेअर ‘सर्व ठीक’ म्हणत राहिले आणि दोन दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या. तिचे पहिले बदल अखेर त्याच आठवड्यात लागू झाले होते, म्हणून दोष त्यांच्यावर आला. “ते काढून टाका,” आमचे साहेब म्हणाले, “आणि हिलाही या कामावरून काढा.”

तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “सर, हे फंक्शन तुमचं. बिघाड इथंच गिळलाय. हाय की नाय?”

मुदत, जुनी रचना, अपुरी माणसे. सविस्तर उत्तर माझ्याकडे तयार होते.

“हाय,” मी पुटपुटलो.

“मोठ्यानं बोला. त्या बैठकीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं.”

“हाय,” मी उभा राहून म्हणालो. “चूक माझी आहे, हिची नाही. चार वर्षं मला ठाऊक होती.” मी तिच्याकडे वळलो. “ती झाकण्यासाठीच मी तुमच्या बोलण्याची थट्टा केली, तुमचं काम अडवलं. मला माफ करा.”