नाव न घ्यायचं औषध

सोमाजीभाऊचं औषध काविळीचं. अन् मिजास अशी, का कावीळ जशी यानंच शोधून काढली.

बाकी दिवस तो आमच्यासारखाच ढिवर, तलावात जाळं टाकणारा. पण रविवारी सकाळी आंघोळ करून, कोणाशी न बोलता धानाच्या बांधाकडे पाला आणाले निघाला, का त्याचा वैद्य झाला म्हणून समजा. औषध फुकट. अट एकच, नाव विचारायचं नाई. नाव घेतलं का गुण जाते, असं त्याच्या बापानं त्याले सांगितलं होतं. बापाची तेवढी एकच गोष्ट त्यानं जन्मात ऐकली. पार सिंदेवाहीकून लोकं यायचे. बरा झाला तो औषधानं, अन् नाई झाला त्यानं चोरून तेल खाल्लं, असा भाऊचा रोखठोक हिशोब.

पाला वाटायचं कोण? गोकुळावहिनी, त्याची बायको. वीस वर्षं तिनंच पाट्यावर वाटला, तं तिले का नाव माहीत नसणार? पण बोलत नव्हती. औषध मेलं तं पाप कोणाच्या माथी?

अठ्ठ्याण्णव साली भाऊचेच डोळे पिवळे झाले. आपल्या हातचं औषध आपल्याले लागत नाई, हाही त्याचाच नियम. म्हणून वहिनीच्या हातून घेतलं. गुण नाई. मंग दुप्पट घेतलं. चौथ्या दिवशी उलट्या थांबेनात, भाऊ बरळू लागला. माहं डोकंच फिरलं. बैलबंडी जुंपली, दोघाले बसवलं अन् दवाखाना गाठला. वाटभर तो मलेच शिव्या देऊन राह्यला होता, का वैद्याले दवाखान्यात नेऊन तू माहं नाक कापतं.

खिडकीतल्या बाबूनं पेशंटचं नाव विचारलं. मी बाहेर बैल सोडून राह्यलो होतो, अन् वहिनीनं मान खाली घातली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. घरी काय दिलं, किती दिलं, ते कळल्याबिगर माणूस हातचा जाईल म्हणाल्या. भाऊ नेमका भानावर आला, अन् त्यानं वहिनीकडे पाहून ओठावर बोट ठेवलं. अरे, मरून राह्यला अन् ऐट कायची करतं गड्या?

वहिनीनं डोळे मिटले, अन् दोन्ही नावं एका दमात घेतली.

"सोमाजी. भुईआवळी. रोज दोन वाट्या."

बाबूनं कागदावर लिहिलं, सोमाजी भुईआवळे.

बारा दिवस वॉर्डात पुकारा व्हायचा, भुईआवळे कोण आहे? अन् गावातलं कोणी ना कोणी भेटाले आलेलंच राहायचं. भाऊ वाचला, पण तो घरी यायच्या आधी नाव गावात पोचलं. पुढच्या रविवारी बाया आपापल्या परसातला पाला स्वतःच उपटत होत्या. हेच होतं काय, म्हणून हसत होत्या. भाऊच्या दारात कुत्रं आलं नाई.

महिनाभर तो वहिनीशी बोलला नाई. एक दिवस जेवताना मात्र त्याचा बांध फुटला.

"माह्या बापाचं औषध मारलं तू."

वहिनी भात वाढत होती.

"मारलं," ती म्हणाली. "दोघातलं एकच वाचणार होतं. मले तुमी पायजे होते."

 भाऊनं भात आणखी एकदा मागून घेतला.