ज्याचा झगा लांब, त्याचा हात

चार माणसं ओटीवर पत्ते कुटायला बसली की किस्से साठतातच, माळ्यावरच्या अडगळीसारखे. आमची कल्याणातली कंपनी म्हणजे ओटीचे मालक अप्पा, बोटीवरचा खलाशी बाबू, कोर्टातला कारकून वसंता आणि मी. गोष्ट पन्नास सालच्या आसपासची. वसंताची तिशी उलटलेली, आणि 'मुलगा पत्ते खेळतो' एवढ्यावरून दोन स्थळं हातची गेलेली.

*

बाबू मेक्सिकोच्या बंदरातून पत्त्यांचे दोन जोड घेऊन आलेला. ना राजा, ना राणी, ना बदाम. प्रत्येक पानावर घट्ट कपड्यांतला, बुरखा घातलेला, पाठीवर झगा सोडून उडणारा कुणीतरी वीर, आणि खाली स्पॅनिश मजकूर.

"अरे, खेळायचं कसं ते तरी विचारून यायचंस," अप्पा म्हणाले.

"विचारलं ना. दुकानदाराने सगळं नीट समजावलं. स्पॅनिशमध्ये."

*

मग नियम आम्हीच केले. वीज फेकणारा मोठा की डोंगर उचलणारा, यावर वसंताचं नि माझं दोन रविवार भांडण. शेवटी अप्पांनी निकाल दिला, "ज्याचा झगा लांब, त्याचा हात." दोन झगे सारखे वाटले की काकू, म्हणजे अप्पांच्या मिसेस, शिवणाची टेप घेऊन बाहेर यायच्या. त्यांच्या मापावर अपील नव्हतं.

*

काकूंसाठी बाबूने तसल्याच उडत्या वीराचा पत्र्याचा डबा आणलेला. काकूंनी त्यात तिखट भरलं. शेजारणीने विचारलं, "हा कोण हो?"

"माझी आमटी खाल्लेला माणूस," काकू म्हणाल्या.

*

दुसरा जोड बाबू ठाण्यात कुणा ओळखीच्यांना देऊन आला. वर आमचे नियमही शिकवून आला. अप्पांची छाती फुगली. "म्हणजे आता जिल्ह्याला लागू झाले."

*

वसंताच्या आईने शपथ घातली, पुन्हा पत्त्यांना हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. वसंता शांतपणे म्हणाला, "आई, हे पत्ते कुठेत? चित्रं आहेत."

*

आणि मग ठाण्याचं स्थळ आलं. मुलगी शालू. तिच्या फोटोवर वसंताचा जीव जडलेला. हे हुकलं तर लग्नच करणार नाही म्हणायचा. वडील शाळामास्तर, भलते कडक. मुलाला कसलंही व्यसन नको, असं आधीच बजावलेलं.

बाबू बोटीवर होता, बाकी आम्ही सगळे बघायला गेलेलो. वसंता मास्तरांच्या पाया पडायला वाकला आणि कोटाच्या खिशातून एक पान घरंगळून थेट त्यांच्या पायाशी. गेल्या रविवारी हरवलेलं पान! त्याच्यासाठी आम्ही अख्खी ओटी झाडून काढलेली.

वसंता पांढराफटक पडला. त्याच्या आईने डोळेच मिटले.

मास्तरांनी पान उचललं. चष्मा पुसला. पानावरच्या वीराचा झगा जेमतेम कमरेपर्यंत. बराच वेळ निरखून त्यांनी आत हाक मारली.

"शालू, पोहे राहू देत. आपला तो पायघोळ झग्यावाला आण बरं आधी."