पंच्याखालचं ग्राफिक्स कार्ड

कॉम्प्युटर उघडला की पंख्यावर धुळीचा थर असतोच. कॅबिनेट बंद, खोली बंद, तरी धूळ येते कुठून ते कुणाला कळत नाही. आमच्या दुकानातले किस्से असेच साचले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. आता मी आणि जिग्नेश चहाला भेटलो की एक फुंकर पुरते.

कॉम्प्युटरचं दुकान मालाड पश्चिमेला, मार्केटच्या आतल्या गल्लीत. शेजारी साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या सुमनताई. मालक नाना, देवगडकडचे, वडील गिरणीत होते. काउंटरवर बोलायला जिग्नेश आणि आत जोडाजोडी करायला मी. नववीनंतर शाळा सुटली आणि मी इथे आलो. स्क्रू, वायरी, पंखे यांच्याशी माझं चांगलं जमायचं. माणूस समोर आला की मी आत सटकायचो.

नानांची एक रीत होती. टेबलावर दोन मशीन. एकात गेमची चित्रं स्क्रीनवर पळवणारं मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात चांगलंच महाग. दोन्ही कॅबिनेटवर गावाहून आणलेले पंचे टाकलेले. गिऱ्हाइकाने आपला गेम सांगायचा, दोन्हीकडे खेळायचं आणि कुठलं आवडलं ते बोलायचं. मगच पंचा उचलायचा. आणि त्याच्याही आधी, खेळणार कोण ते नाना हमखास आपल्या मालवणीत विचारायचे, "खेळतलो कोण?"

कॉलेजची पोरं हसायची. पण खेळून झाल्यावर बहुतेक जण मधलंच कार्ड घेऊन जायचे.

मी सांगतोय ते नानांच्या दुकानातल्या शेवटच्या वर्षाचं. जिग्नेशला दिंडोशीला एका ऑफिसात नोकरी लागली होती, गणपतीच्या सुमारास जायचं होतं. नाना गावी जायचं म्हणत होते. एका दुपारी पंच्याची घडी करता करता मला म्हणाले, "सच्या, गणपतीला गेलो की मी परत येणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलायला शिकलास तर दुकान तू बघ. नाहीतर मोबाइल कव्हरवाला गाळा मागतोच आहे."

मी मान हलवली.

"बघ, आतासुद्धा मानच हलवलीस."

* * *

त्याच आठवड्यात एक साहेब आले. गोरेगावचे, इंजिनियर. कार्डांबद्दल त्यांना सगळं तोंडपाठ. मेमरी किती, पंखे किती, गरम किती होतं. जिग्नेश मध्ये काही बोलायला गेला की ते म्हणायचे, "हां, तो व्हिडिओ मी बघितलाय."

नानांनी विचारलं, "खेळतलो कोण?"

"मीच. म्हणजे खेळायला वेळच मिळत नाही हो. रोज रात्री कार्डांचे व्हिडिओ बघत बसतो ना. वर्षभर हेच चाललंय."

नाना शांतपणे म्हणाले, "मग व्हिडिओ तुमच्या जुन्या कार्डावर नीट दिसतात ना?"

साहेबांनी जरा विचार केला. "एकदम झकास दिसतात."

पुढच्या वर्षी नवीन कार्डं आल्यावर येतो म्हणून गेले. अजून व्हिडिओ बघत असतील.

* * *

बोरिवलीचे दोघे भाऊ आले होते. थोरला म्हणे डावीकडचं मशीन भारी, धाकटा म्हणे उजवीकडचं. थोरल्याने आवाज चढवला, "तुला दिसत नाही का रे, केवढे रंग उठलेत!" धाकटा म्हणाला, "तुझा चष्मा बदल आधी." भांडण ऐकून सुमनताई हातातली साडी घेऊनच दारात आल्या.

पंचे उचलले. डावीकडे मधलं कार्ड होतं. पण मला आतून दिसत होतं की रंगांचं कारण कार्ड नाही, डावीकडच्या स्क्रीनचा उजेडच कुणीतरी वाढवून ठेवलाय. हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी नानांच्या कानात बोललो.

नानांनी ते मोठ्याने सांगितलं. दोघे भाऊ घरी गेले, स्क्रीनचं बटण दाबलं आणि खूश झाले. विक्री शून्य. जिग्नेश मला म्हणाला, "यार सच्या, तू तर कानात बोलूनसुद्धा धंदा बुडवतोस."

नाना त्याला म्हणाले, "बुडवूदे. पण गिऱ्हाइकाच्या कानात बोलायला शीक म्हणावं."

* * *

घाटकोपरहून एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा माझ्याहून लाजाळू. सगळ्यांसमोर खेळायलाच तयार होईना. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली आणि स्वतः बसल्या. गाड्यांचा गेम लावला होता.

"अगं बाई, ह्याला ब्रेक कुठाय?"

"आई, तो नाही, तो हॉर्न आहे."

पहिल्यांदा भिंतीवर, मग खांबावर, मग थेट समुद्रात. दुसऱ्या मशीनवर मात्र बाई सुसाट. उठल्या तेव्हा गल्लीतले चार-पाच जण बघायला जमले होते. बाई म्हणाल्या, "हे उजवीकडचं द्या. डावीकडे गाडी वळवली की झाडं अडखळत येतात." पंचे उचलले. त्या दिवशी डावीकडच्या कार्डाचा एक पंखा अडकून ते तापत होतं, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

गडबडीत राहून गेलेलं आपलं नेहमीचं नानांनी आता विचारलं, "खेळतलो कोण?"

मुलगा खाली बघायला लागला. बाई म्हणाल्या, "आधी मी. ह्याची परीक्षा आहे."

* * *

मुलुंडच्या गृहस्थांना तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड हवं होतं. ते घरच्या कॅबिनेटमध्ये मावेल का, हा प्रश्न.

"मोजून आणलंय. आत दीड वीत जागा आहे."

नानांनी विचारलं, "वीत कुणाची?"

"मिसेसची. मी टॉर्च धरला होता."

नानांनी हाक मारली, "सुमन, जरा हात दाखव गो!" सुमनताई आल्या, हात पुसला, कार्डावर बोटं ताणली. नानांनी गृहस्थांकडे बघितलं. "मिसेस साधारण हिच्याएवढ्या?"

गृहस्थ अवघडले. "जरा उंच आहेत."

"उंचीचं काय घेऊन बसलात," सुमनताई म्हणाल्या, "बोटं कशी आहेत ते सांगा."

लग्नाला एवढी वर्षं झालेला माणूस, पण बोटं काही आठवेनात. दुसऱ्या दिवशी मिसेस स्वतः आल्या. काही न बोलता कार्डावर वीत ठेवली, परत ठेवली आणि म्हणाल्या, "हे नाही, ते दोन पंख्यांचं द्या. आणि ह्यांना काही विचारत जाऊ नका."

* * *

एकदा मी एकटाच काउंटरवर होतो. नाना बँकेत, जिग्नेश आजारी. एक जण आला, मधलं कार्ड खेळून बघितलं, आवडलं. म्हणाला, "भाव कमी करा." मी काय बोलू? गप्प बघत राहिलो. तो म्हणाला, "बरं, थोडा तरी." मी गप्प. "बरं जाऊदे, भाव राहूदे, पण घरी बसवून द्याल?" मी मान हलवली. "चला, तुम्ही पण पक्के आहात," म्हणत तो पैसे देऊन गेला.

मला वाटलं, जिंकलो. नानांना सांगितलं. ते हसले, पण फार नाही.

"एकदा चाललं. गप्प बसणाऱ्याला माल विकता येतो, सच्या. 'नको घेऊ' म्हणायला तोंड लागतं."

* * *

गणपती अगदी तोंडावर आले होते. त्या सकाळी नाना काउंटरच्या आत आलेच नाहीत. बाहेर गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहिले. हातातल्या दुकानाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या.

"ओ भाऊ, ग्राफिक्स कार्ड बघायचंय."

जिग्नेश निरोप घ्यायला आला होता. तो हसला. नाना नुसते उभे.

मी विचारलं, "खेळतलो कोण?"

"मीच. गावाक दुसरो कोण आसा?"

"गेम कुठला?"

"पत्ते."

दुपारी गर्दी नसली की नाना एकटेच कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसायचे, तेच. मी आत गेलो, दोन्ही मशीनमध्ये हात घालून काय ते केलं, वर पंचे टाकले. नाना आधी डावीकडे बसले. एक डाव पूर्ण खेळले. मग उजवीकडे. घाई नाही. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"उजवीकडचं. पत्ते बघ कसे सरसर येतात."

मी पंचा उचलला. कॅबिनेटमध्ये कार्डाची जागा रिकामी होती.

"एवढं तर मशीन कार्डाशिवाय आपलं आपण दाखवतं, नाना," मी म्हणालो. "तुम्हाला कार्ड नको. घेऊ नका."

नानांनी त्या रिकाम्या जागेत वाकून बघितलं. मग पंचा माझ्या हातातून घेतला, खांद्यावर टाकला आणि पायरी उतरून चालायला लागले. किल्ल्या काउंटरवरच होत्या. जिग्नेश त्या घेऊन मागे धावला.

"नाना, ओ नाना, किल्ल्या राहिल्या!"

नाना वळलेसुद्धा नाहीत.

"गिऱ्हाइकाला कसल्या किल्ल्या देतोस रे?"