ताईनं पुसलेली पानं

ताईला कुणी चोर म्हटलं तर मी आजही भांडायला उठते. पण कायद्यानं ती चोरच होती. माझी ही मोठी बहीण साकोलीच्या बसस्टँडमागच्या नेट कॅफेतून जपानी चित्रकथा इंग्रजीत करून जगभर फुकट वाटायची. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं लोटली होती. गावात जपानी येणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ताईलाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं. नागपूरहून आणलेली दोन पुस्तकं आणि जपानी कार्टूनं, एवढ्यावर ती शिकली.

एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या वेड्यांचा तो गट होता. एक जण जपानातून पानं स्कॅन करून पाठवायचा, ताई भाषांतर करायची, आणखी कुणी चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांतली जपानी अक्षरं पुसून तिथं तिचं इंग्रजी बसवायचा. प्रकाशकांना सगळं ठाऊक होतं. फुकटात वाचक तयार होत होते, म्हणून ते काणाडोळा करायचे. गटानंही एक नेम पाळला होता. एखाद्या कथेचे हक्क इंग्रजी प्रकाशकानं घेतले की आपण थांबायचं, आपली पानं काढून टाकायची आणि वाचकांना सांगायचं, आता पुस्तक विकत घ्या.

ताई भाषांतर करायची ती कथा एका मासे धरणाऱ्या बाईची होती. लग्नाचं वय तिनं त्या बाईच्या संगतीत घालवलं, असं आई म्हणायची. जाळं पाण्यात पडल्याचा आवाज इंग्रजीत कसा लिहावा हे सुचेना, तेव्हा ती मला घेऊन तलावावर गेली. तिथल्या मासेमार काकांना तिनं पुन्हा पुन्हा जाळं फेकायला लावलं.

"मासोया नाही पायजेत, निस्ता आवाजच पायजे?" काका म्हणाले. "असं गिऱ्हाईक पयल्यांदाच पायलं बाप्पा!"

मग एक दिवस बातमी आली की त्या कथेचे हक्क विकले गेले. मला वाटलं, ताई रडेल. ती तर पेढे घेऊन आली.

"आता त्याईले भाषांतर करनारा लागनच," ती म्हणाली. "आपल्याले बोलावतीन पाय."

आणि तिनं नेम पाळला. साइटवरची पानं काढली. मग घरच्या कॉम्प्युटरमधली पुसली. मग पानं उतरवून ठेवलेल्या सीड्या मोडायला बसली. नेमात हे कुठंच नव्हतं.

"घरातलं काहून पुसून राहिली तू? कोन येते पाहाले?" मी विचारलं.

"कोनी पाहाले येते म्हनून थोडी पुसून राहिली," ताई म्हणाली. "सोडलं तं पुरं सोडाव."

प्रकाशकाला तिनं स्वतःहून लिहिलं, आणि खरंच बोलावणं आलं. नेट कॅफेत कानाला हेडफोन लावून ती बोलत होती, मी शेजारी बसले होते. पलीकडची बाई फार गोड बोलली. तिनं विचारलं, याआधी काय भाषांतर केलंय? ताईनं खरं ते सांगून टाकलं. बाई म्हणाली, तो अनुभव आम्हाला धरता येत नाही. पण तुमचा हात कसा आहे ते कळेल, एखादं पान दाखवा.

"नाही माझ्याकडे," ताई म्हणाली. "तुमचे हक्क होते, म्हणून सगळं पुसलं."

बाईनं आभार मानले. पुन्हा फोन आला नाही. ज्यांनी नेम मोडला, पानं जपून ठेवली, त्यांतल्या एकाला पुढं तिथंच काम लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो प्रकाशकावर जास्त की ताईच्या भाबडेपणावर, हे मला ठरवता येत नाही. ताई आता कॉन्व्हेंटमध्ये पाचवीला इंग्रजी शिकवते. जपानी पुस्तकं तिनं रद्दीत घातली.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या दुकानात मला ती कथा दिसली. जाडजूड, गुळगुळीत कागदाची. पाठीवर ठळक छापलं होतं, 'इंग्रजीत प्रथमच'. माझं डोकंच फिरलं. विकत घेतली आणि तशीच साकोलीची बस पकडली.

"वाच," मी ताईसमोर पुस्तक आपटलं. "तुयं वाक्य कुठी चोरलं का, पाय. सोडत नाही मी त्याईले."

तिनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. स्वतःचं वाक्य न् वाक्य तिला पाठ होतं. मधेच ओठ हलायचे, मग ती मान हलवून पान उलटायची. जाळ्याच्या पानावर खूप वेळ थांबली. मी चहा ठेवला तो तसाच थंड झाला.

शेवटचं पान मिटून तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"चांगलं केलं हाये," ती म्हणाली. "आपलं काहीच नाही यात."

मग चष्मा काढून पुसत बसली.

"एखादं वाक्य तरी चोरायचं होतं व त्याईनं."