एकाच यंत्रात दोन अर्जनवीस

तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनविसांत माझ्या मसुद्याला जो मान होता, तो नववीत शाळा सुटलेल्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. कापूस लागोपाठ बुडत गेला त्या वर्षांत पंचनाम्यातून नाव सुटलेली माणसे सकाळपासून माझ्यापुढे बसत. तीच ती हकिगत लिहून मी आतून थकलो होतो. वाक्य मात्र कधी ढिले पडू दिले नाही.

आमची टंकलेखनाची जुनी मराठी प्रणाली नव्या संगणकावर चालेना. तेव्हा अमरावतीतल्या ज्या संगणकाच्या दुकानात आम्ही टंकायला बसत असू, तिथल्या भाईंनी तो अख्खा जुना संगणक नव्याच्या पोटात उतरवला. पडद्यावरच्या एका चौकटीत तो सुरू होई. पुढे त्याच्या दोन प्रती निघाल्या. एक माझ्या मसुद्यांसाठी, दुसरी वलगावहून येणाऱ्या अर्जनवीस बाईंच्या. अर्जदारांच्या ओढाताणीवरून आमचे कधीच पटले नव्हते.

मग भाईंनी दुकान आवरून अकोल्याला सासऱ्यांच्या धंद्यात जायचे ठरवले. तो नवा संगणक विकायला निघाला. मागे आमच्यासाठी एक छोटा संगणक उरणार होता. माझी प्रत त्यात ठेवा, असे मी सुचवले.

भाईंनी मान हलवली. या प्रती मुळाशी, म्हणजे आधी उतरवलेल्या त्या जुन्या संगणकाशी, जोडलेल्या आहेत, म्हणाले. मुळाहून जेवढे वेगळे तेवढेच त्यांत साठते, बाकी सगळे मुळातूनच वाचले जाते. मूळ गेले की त्या उघडणार नाहीत. मला ते तत्काळ उमजले. ‘मागील अर्जात नमूद केल्याप्रमाणे’ एवढ्यावर भागवलेला अर्ज, मागील अर्ज गहाळ होताच कसा निकामी होतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. मला कोणावरही न विसंबणारी, पूर्ण प्रत हवी होती. तशीच बाईंनाही हवी होती. आणि छोट्या संगणकात जागा एकाच पूर्ण प्रतीपुरती होती.

मी माझी ज्येष्ठता सविस्तर मांडली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तुमी मोठे असान," त्या म्हणाल्या, "पण माह्या अर्जातले लोकं का लहान आहेत? त्यायले काय सांगू, मशीन उघडत नाई मनून?"

माझ्या प्रतीत तरी दुसरे काय होते? तसलीच अर्धवट राहिलेली माणसे.

भाईंनी वाद मिटवला. बाईंचे सगळे मसुदे माझ्या प्रतीत घातले आणि मग त्या एकत्र प्रतीची पूर्ण प्रत छोट्या संगणकात काढायला लावली. जोडलेली प्रत क्षणात निघे. हिला अख्खी दुपार लागली. आम्ही तिघे चहा घेत बसून राहिलो.

"आता मुळाले जाळलं तरी हे चालते," भाई म्हणाले. "पण दोघायले एकाच खुर्चीवर बसा लागन."

दुसऱ्या सकाळी दुकानात पोचलो तेव्हा चौकट उघडी होती. बाई टंकत होत्या आणि शेजारी त्यांचा अर्जदार बसला होता.

"बसा साहेब, दोनच अर्ज राहिले," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

बसायला बाहेरची पायरी होती. तिथे माझे अर्जदार आधीच बसले होते. एकाने सरकून मला जागा दिली.