तिनं सगळं सांगितलंय

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत बसवत नाही. उठतो, गॅलरीत चकरा मारतो. बायको म्हणते, "रिटायर झालात न, बसा आता." जमत नाही.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. फिर्याद साधी होती. एक शेतकरी कुटुंब लग्नासाठी अचलपूरला गेलं. म्हशीच्या चारापाण्यासाठी घराची किल्ली शेजारच्या जोडप्याकडे दिली. हे दोघं झेंडू-शेवंती पिकवून विकायचे, लग्नाला चार वर्षं झालेली. फिर्यादी परतले तर कपाटातले दागिने गायब आणि दाराचं कुलूप मात्र शाबूत. पंचनामा करतानाच मी मनात निकाल देऊन मोकळा झालो होतो. त्यात खबरी आला. म्हणाला, फिर्यादी लग्नाला गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या जोडप्यातला नवरा अकोल्यात सराफाच्या दुकानात दिसला.

दोघांनाही ठाण्यात बोलावलं. नवऱ्याच्या खिशात चांदीचं एक जोडवं निघालं.

"बायकोचं तुटलं होतं साहेब, सांधाले गेलतो," तो म्हणाला.

मी हसलो. असलं ऐकून ऐकून आमचे कान किटलेले असतात. जोडवं जप्त केलं आणि आमची जुनी युक्ती काढली. दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत बसवलं. बायकोजवळ महिला शिपाई होती. आधी तिच्याकडे गेलो.

"तुझ्या नवऱ्यानं तुझं नाव घेतलंय."

तिनं पदर सारखा केला. "थे माहं नाव नाई घेत, साहेब. तुमी खोटं बोलून राहिले."

महिला शिपाई खाली बघू लागली. माझा पारा चढला. तरातरा नवऱ्याच्या खोलीत गेलो, दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि म्हणालो, "तिनं सगळं सांगितलंय."

त्याचा चेहरा उतरला. पाणी मागितलं, पण पेला हातातच राहिला. मग म्हणाला, "मंग तिनंच केलं असंल, साहेब. चाबी तिच्याच जवळ होती. मले काई मालूम नाई."

पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं. मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं. मी जबाब उतरवून घेत बसलो.

तीन दिवसांनी अकोल्यात दुसऱ्याच गुन्ह्यात एक चोर सापडला. बनावट किल्ल्यांनी कुलपं उघडण्यात त्याचा हात बसलेला होता. दागिने त्याच्याकडेच निघाले. सराफाच्या कॅमेऱ्यातही नवरा दिसला, तळहातावर तुटकं जोडवं घेऊन उभा. गुन्हा उघडकीला आला म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मला मात्र जेवण जाईना.

शेवटी जोडवं घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. ती अंगणात हार ओवत होती, नवरा लांब विहिरीपाशी बसला होता. मी म्हणालो, "बाई, मी त्याला खोटं सांगितलं होतं. चूक माझी आहे, त्याची नाही."

"हाव साहेब. पन तुमी मलेई खोटंच सांगतलं होतं. मी नाई ठेवला तुमच्यावर भरोसा. त्यायनं ठेवला."

मी जोडवं पुढे केलं. तिनं जोडवं घेतलं आणि खिडकीत ठेवून दिलं.

काही वर्षांनी अमरावतीच्या फूलबाजारात ते दोघं दिसले. एकाच पोत्यावर बसून फुलं विकत होते, गिऱ्हाईक आलं की एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. तिच्या एका पायात जोडवं होतं, दुसऱ्या पायाचं बोट रिकामं होतं. चोर पकडायला पुरावा गोळा करावा लागतो, नवरा-बायकोतला विश्वास मोडायला मला एक वाक्य पुरलं. मला लाज वाटली. त्यांच्यासमोर जायचा धीर झाला नाही, तसाच परत फिरलो.

माझ्या बायकोनं त्या दिवशी हार आणायला सांगितला होता. "विसरलात?" तिनं विचारलं. 'दुकान बंद होतं' हे माझ्या तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि पहिल्यांदाच तिला ही केस सांगितली.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्याबद्दल कोणी तुम्हाला असं सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

'तुझ्यावरच विश्वास ठेवला असता,' एवढंच म्हणायचं होतं. मला क्षणभर उशीर झाला, आणि तो तिला दिसला. तेव्हापासून मी चकरा मारतो आहे.