हायब्रीडचं ॲव्हरेज

रशीदमामा चोर नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणाला 'असेलही बाबा, ड्रायव्हर लोकांचं काय सांगावं' असं वाटायला नको. असं म्हणणारे आमच्या राजारामपुरीत मला पुष्कळ भेटले आणि त्यांच्यातल्या एकाशीही मी आता धड बोलत नाही.

आमच्या वडिलांचं, गुरुसिद्धअप्पांचं, कोल्हापुरात राजारामपुरीत शेतीपंपांचं आणि पाइपांचं दुकान. एक्याण्णव साली त्यांनी एक जुनी अँबेसिडर घेतली आणि ती चालवायला रशीद मुल्लाणी नावाचा तिशीतला माणूस ठेवला. उंच, हाडकुळा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि डोकं कायम तापलेलं. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसला की काच खाली करून तो त्या ट्रॅक्टरवाल्याचा असा उद्धार करायचा, की मागं बसलेल्या अप्पांनाच लाज वाटायची. स्टेअरिंगवरचा हात मात्र शांत असायचा. आमच्या आईला, चन्नम्माला, आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाला कुठल्याही गाडीत बसलं की मळमळायचं, रशीदमामाच्या गाडीत कधी मळमळलं नाही. तेव्हापासून ती त्याला तम्मा म्हणायला लागली. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तो तिला आक्का म्हणायचा. आईनं भाऊ म्हटल्यावर तो आमचा मामा झाला, त्यात वेगळं ठरवण्यासारखं काही नव्हतं.

माझा धाकटा भाऊ रुद्रेश तेव्हा आठवीत होता. सायकलवरून पडून त्याचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात रात्रभर त्याच्या उशाशी बसलेला माणूस हा मामाच. मला गाडी शिकवली तीही त्यानंच, कळंब्याच्या तळ्याकडच्या रस्त्यावर. क्लच सोडताना गचका बसून गाडी बंद पडली की खेकसायचा, "पोरी, गाडी हाय ती. म्हस न्हाय टाच मारून हाकायला."

त्याच्या रागाची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बिद्रीला साखर कारखान्याच्या रस्त्यावर एक चहाची टपरी होती, तिथं अप्पांची गिऱ्हाइकं जमायची. एकदा मामाला यायला उशीर झाला म्हणून अप्पांनी त्याला त्या सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं. वेळ खरं तर अप्पांनीच चुकीची सांगितली होती. मामानं वाद घातला नाही. गाडीची किल्ली टपरीवाल्याच्या हातात दिली आणि एसटीत बसून घरी निघून गेला. अप्पांना गाडी चालवता येत नव्हती, ते एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून परत आले. दोन दिवस नुसती धुसफूस चालली होती. पुढच्या बाजारच्या दिवशी अप्पा मामाला घेऊन पुन्हा त्याच टपरीवर गेले, तीच माणसं जमल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "परवा मी ह्याला कामचुकार म्हटलं. चूक माझी हुती." मग सगळ्यांना चहा सांगितला. आमच्याकडची रीतच ती. जिथं बोललो तिथंच माघारी घ्यायचं. घरात दार लावून मागितलेली माफी धरत नाहीत. रुद्रेश त्या दिवशी गाडीतच बसलेला होता. त्यानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर मला त्याचा एवढा संताप येतो.

अप्पा दोन हजार चार साली गेले आणि दुकान रुद्रेशकडं आलं. दुकान त्यानं वाढवलं, त्याचं श्रेय मी त्याला देते. पण पैसा आला तसा क्लब आला, आणि क्लब आल्यावर साधी गाडी चालेनाशी झाली. दोन हजार आठ साली त्यानं हायब्रीड गाडी घ्यायची ठरवली. पेट्रोलचं इंजिन आणि सोबत बॅटरीवरची मोटर. किंमत एवढी, की त्यात चांगल्या दोन गाड्या दारात उभ्या राहिल्या असत्या. विचारलं तर म्हणायचा, पेट्रोलमध्ये सगळं भरून निघतं, शिवाय धूर कमी.

अव्वाला हायब्रीड हा शब्द एकाच अर्थानं माहीत होता. हायब्रीड म्हणजे ज्वारी. भरमसाट पिकणारी, दिसायला टपोरी आणि भाकरी थापायला घेतली की तुटणारी. आमच्या घरात शाळूशिवाय दुसरी ज्वारी कधी आली नाही. एखादं पोरगं किरकोळ अंगाचं निघालं तरी अव्वा त्याला हायब्रीड म्हणायची. त्यामुळं पेढे वाटायला आलेल्या लेकाला तिनं विचारलं, "एवढं पैसं घालून हायब्रीड आणलंस? शाळू मिळाला न्हाय व्हय?" सगळे हसलो. रुद्रेश हसला नाही.

गाडी आली त्याच आठवड्यात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला तमाशा झाला. ही गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप सुरू व्हायचं. हे मामाला कुणी सांगितलंच नव्हतं. इंजिन गप्प झाल्यावर तो उतरला, बॉनेट उघडून उभा राहिला. आता कोल्हापुरात भर रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर लोक विचारत बसत नाहीत. चार जण धावत आले, "पावणं, बसा तुमी आत," म्हणाले आणि ती महागडी गाडी चौकातून ढकलत पार भाजीवाल्यांपर्यंत नेली. मागच्या सीटवर रुद्रेश बसलेला. तो ओरडून सांगत होता की गाडी चांगली आहे, पण काचा बंद असल्यामुळं बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. त्या दिवसापासून रिक्षावाले मामाला बघून 'काय हायब्रीड, देऊ का धक्का?' असं विचारायला लागले. मामाही हसायचा. शिकला तो ती गाडी, आणि नंतर फार चांगली चालवली.

मग काही महिन्यांतच त्या गाडीची किंमत कंपनीनंच खाली आणली. थोडीथोडकी नव्हे, लाखांनी. क्लबातल्या लोकांना आयताच विषय मिळाला. 'रुद्रेशशेठ, थांबला असता तर उरलेल्या पैशात अजून एक आली असती.' हे त्याला फार लागलं. आता त्याच्याकडं बोलायला एकच गोष्ट उरली होती, ॲव्हरेज. एका लिटरला किती किलोमीटर जाते, ते कंपनीनं छापलेलं पत्रक तो खिशात घेऊन फिरायला लागला. आणि गाडी त्या आकड्याच्या जवळपासही जात नव्हती.

कशी जाईल? गाडी वाईट होती असं मी म्हणत नाही. मोठ्या शहरात दिवसभर सिग्नलला थांबत थांबत फिरणाऱ्याला ती परवडतही असेल. पण आमच्या घरापासून दुकान तीन गल्ल्या पलीकडं. इंजिन गरम होतंय तोवर उतरायची वेळ. बाकीचा वेळ गाडी हॉटेलबाहेर उभी, आत रुद्रेश मोबाईलवर बोलतोय, एसी पूर्ण सोडलेला. एसी तसा सोडला की इंजिन बंद होतच नाही. म्हणजे ज्या करामतीसाठी एवढे पैसे मोजले ती करामत हा माणूस स्वतःच चालू देत नव्हता. ज्या अंतराला माझे अप्पा छत्री घेऊन चालत जात होते, त्या अंतरासाठी ह्यानं पेट्रोल वाचवणारी गाडी घेतली होती. चालत गेला असता तर सगळंच वाचलं असतं.

पण हे मान्य करायचं म्हणजे आपण फसलो असं म्हणायचं. त्यापेक्षा कुणीतरी पेट्रोल चोरतंय असं म्हणणं त्याला सोपं गेलं. आणि गाडीपाशी सारखा असणारा माणूस एकच होता.

पंपावर तो बोलला. आमच्या कोपऱ्यावरचा पेट्रोलपंप, सकाळची वेळ, रिक्षांची रांग, ओळखीचे सगळे ड्रायव्हर. मी माझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला तिथंच होते, म्हणून हे ऐकीव नाही. रुद्रेश गाडीतून उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कंपनी खोटं बोलंल व्हय? मग पेट्रोल जातंय कुठं रशीद? तू पितोस का बाहेर विकतोस?"

सतरा वर्षं ज्याला मामा आणि तुम्ही म्हटलं, त्याला एका वाक्यात रशीद आणि तू केलं. पेट्रोल भरणारा पोरगा नळी हातात धरून तसाच थांबला. मला वाटलं, आता मामाचा भडका उडणार. पण तो खालच्या आवाजात बोलला, आणि बोलताना आदर सोडला नाही. "मला 'तू' म्हनलासा, ते सोडून देतो मी. चोर म्हनलासा. ते न्हाय सोडायचो." किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो चालायला लागला. मी रुद्रेशला तिथंच चार शब्द सुनावले. तो म्हणाला, ताई, तू ह्यात पडू नकोस.

मामाला पुढं कुणी कामावर ठेवलं नाही. तो जिथं जाई तिथं पंपावरची गोष्ट आधीच पोचलेली असायची. एका डॉक्टरनं तर तोंडावर सांगितलं, माणूस तुम्ही चांगले असाल, पण आम्हाला डोक्याला ताप नको. त्याची बायको शहाजादी मला म्हणाली, की लेकीला, आफशीनला, बघायला येणारे पाहुणेही आधी पंपावर चौकशी करून गेले आणि परत फिरकले नाहीत. शेवटी मामानं दुसऱ्याची रिक्षा चालवायला घेतली. पेट्रोलला त्याच पंपावर यायचं, त्याच रांगेत उभं राहायचं. आता त्याला हायब्रीड म्हणणारे वेगळ्या अर्थानं म्हणायचे, पेट्रोल पिणारा म्हणून.

इकडं रुद्रेशनं नवा ड्रायव्हर ठेवला, ॲव्हरेज तेवढंच. त्याला काढला, स्वतः चालवायला लागला, ॲव्हरेज आणखी पडलं. मग गाडी घेऊन पुण्याला गेला. तिथल्या कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसानं हसून सांगितलं, एवढ्या जवळच्या फेऱ्या आणि अखंड एसी असला तर एवढंच मिळणार साहेब. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नाही, सोबत गेलेल्या मॅनेजरकडून मला कळलं. म्हणजे त्या दिवसापासून माझ्या भावाला माहीत होतं. माहीत असून तो गप्प बसला, हे मला पंपावरच्या बोलण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

मी मागं लागले तेव्हा त्यानं माझ्याच हाती निरोप पाठवला. झालं गेलं विसरा, कामावर या, पगार वाढवतो. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. "पंपावर बोललाय, पंपावरच माघारी घेऊ दे. मग पगार न्हाय दिला तरी यीन मी. अप्पांनी बिद्रीत घेतलं हुतं की." मी हे रुद्रेशला सांगितलं तर तो म्हणाला, अप्पांचा काळ वेगळा होता, मालकानं पंपावर उभं राहून ड्रायव्हरची माफी मागायची म्हणजे काय? धंद्यात मान राहील का? मी म्हटलं, तुझा मान त्या पत्रकाएवढाच आहे, खिशात मावतो.

अव्वा हे सगळं ऐकत होती. ती त्या गाडीत बसायची बंद झाली होती. कळंब्याला तिच्या बहिणीकडं जायचं तर ती आठवडेच्या आठवडे गेली नाही. मग एका सकाळी तिनं रुद्रेशला सांगितलं, की मला कळंब्याला सोड, वर्षाराणीलाही, म्हणजे मलाही, सोबत घे. बिचारा खूश झाला. पंपासमोर आल्यावर ती म्हणाली, थांबीव. रिक्षांच्या रांगेत मामा उभा होता. अव्वा माझा हात धरून उतरली आणि रुद्रेशला म्हणाली, "उतर. ह्यांच्यासमोर बोल."

तो उतरला नाही. पुढं बघत बसला आणि काच वर केली.

मग अव्वाच बोलली. गुडघे दुखणारी सत्तरीची बाई, इरकलीचा पदर खोचून पंपाच्या मधोमध उभी राहिली. "ऐका रं सगळी. माझ्या पोरानं ह्या माणसाला चोर म्हटलं. त्यो चोर न्हाय. गाडी पितीया पेट्रोल, आनि पोरगं माझं कबूल करंना. त्याची आई म्हनून मी माघारी घेती." मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. मामा पुढं आला, अव्वाच्या पायाला हात लावला.

"आक्का, तुमचा शबूद माझ्या डोक्यावर," तो म्हणाला. "पर बोललेलं तोंड अजून काचंच्या आतच हाय."

अव्वा त्याच्या रिक्षात चढली, मागून मीही. मामानं रिक्षा कळंब्याला आणली. इतक्या वर्षांत मामानं आक्काकडून कधी चहाचेही पैसे घेतले नव्हते. मावशीच्या दारात उतरल्यावर अव्वानं कमरेची पिशवी सोडून त्याच्यापुढं नोट धरली. तो 'ऱ्हाऊ दे आक्का' म्हणेल म्हणून ती थांबली. मीही थांबले. त्यानं मीटर बघितला, नोट घेतली आणि उरलेले सुटे मोजून तिच्या हातावर ठेवले. मग रिक्षा वळवून निघून गेला.

अव्वा ते सुटे पैसे मुठीत धरून दारात उभी राहिली. मावशी आत ये म्हणत होती, तिला ऐकूच गेलं नाही. मी तिथूनच रुद्रेशला फोन लावला आणि सांगितलं, तम्मानं आज आपल्या आक्काकडून भाडं घेतलं. मला वाटलं होतं, निदान हे तरी त्याला लागेल.

तो म्हणाला, "किती झालं भाडं?"

मी फोन ठेवून दिला.